कागदावर काळा घोडा

आधीच सांगून ठेवते, आणि मोठ्यानं सांगते, म्हणजे दाराशी उभं राहून हसणाऱ्यांनाही ऐकू जाईल. या हकिगतीतला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले सातही दात आजच्या आज पडोत. आमच्या घरात मी गोष्ट सांगायला लागले की सगळे एकमेकांकडे बघतात, आणि नातवंडं तर बोटं मोजतात, आजीनं आत्तापर्यंत किती भर घातली म्हणून. मोजा बापडे. मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घोडा विकत घेतला. तो कागदावर काळा होता, जाहिरातीत करडा होता, प्रत्यक्षात जवळजवळ पांढरा होता, आणि तरी एकच होता. यात मी काय भर घालणार?

आता घोडा कशाला, तर अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. टेकडीच्या माथ्यावर राहते. तिचे यजमान हवामानखात्यात होते, माथ्यावरच्या केंद्रात बसून वारा मोजायचे. ते गेले, केंद्राला कुलूप लागलं, वारा तेवढा आहे आणि अक्का आहे. वर गाडीरस्ता नाही, नुसती दगडांची पायवाट. दर गुरुवारी मी ती चढून जायचे. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढण बंद केली. आठ महिने झाले. फोनचं म्हणाल तर अक्काला ऐकू येत नाही. ती तिचं बोलते, मी माझं बोलते, आणि शेवटी दोघी "बरं, बरं" म्हणून ठेवून देतो.

एवढंच असतं तर मी दम धरला असता. पण शेवटच्या गुरुवारी आमचं भांडण झालं होतं. लहानपणी घरातला आरसा तिनं फोडला आणि मार मी खाल्ला, ते तिनं एकदा कबूल करावं, इतकंच माझं म्हणणं होतं. तिनं केलं नाही. मी चहा न घेता उतरले, आणि पुढच्याच आठवड्यात गुडघा धरला. आता तुम्हीच सांगा, असा योग जुळल्यावर माणसाला काय वाटेल? अक्काला वाटलं मी रुसले. गॅसची टाकी पोचवणाऱ्याबरोबर तिनं निरोप पाठवला, "तिला म्हणावं, गुडघ्याचं सोंग पुरे." अहो, ती त्र्याऐंशीची. मी रुसले असं मनात धरून ती माथ्यावर एकटी बसलेली, आणि मी खाली पाय उशीवर ठेवून बसलेली. आम्हा दोघींकडे किती गुरुवार शिल्लक होते ते काही कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणीतरी डोलीचं सुचवलं. मी म्हटलं, चार माणसांनी उचलून न्यायची वेळ एकदाच येते, तिची मी आत्तापासून तालीम करणार नाही.

आणि एक दिवस वाण्याच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली. 'विकणे आहे. करडा घोडा. टेकडीच्या वाटेला सरावलेला. स्वभाव शांत. ठिकाण जवळच.' मी ती चिठ्ठी उपटून घरी आणली. उपटली यासाठी की दुसऱ्या कुणी बघू नये.

आमचे हे वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. आजही भाजीवाल्याच्या तराजूचं पारडं उलटं करून बघतात. पगार अर्धा झाला, संशय मात्र पुरा मिळतो. त्यांनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली, मागची बाजू कोरी असूनही. मग म्हणाले, स्वभाव शांत आहे असं माणूस केव्हा लिहितो, तर आधी कुणीतरी त्याबद्दल तक्रार केलेली असते तेव्हा. आणि 'ठिकाण जवळच' म्हणजे पत्ता लपवलाय. मी म्हटलं, पत्ता खाली लिहिलाय. तर म्हणाले, तोच खरा कशावरून.

पत्ता खरा होता. टेकडीच्या पायथ्याशी, आमच्या घरापासून सात मिनिटांवर. विकणारा निघाला निवृत्त पोस्टमन. वीस वर्षं या घोड्यावरून त्यानं वर टपाल पोचवलं. दोन वर्षांपूर्वी वरचं टपाल बंद झालं, आता वरच्या लोकांनी खाली येऊन न्यायचं असा नियम आला. खात्यानं घोडा त्यालाच देऊन टाकला. आता हा मुलीकडे राहायला चालला होता, चौथ्या मजल्यावर. तबेल्यासकट घोडा द्यायचा होता. ह्यांनी लगेच विचारलं, चौथ्या मजल्यावर कशाला, लिफ्ट आहे का. पोस्टमन म्हणाला आहे. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की बघ, याला सगळ्याची उत्तरं तयार आहेत.

घोडा मात्र मला बघताक्षणी पटला. राखेच्या रंगाचा, डोळे ओले, आणि चेहऱ्यावर असा भाव की याच्यापुढे कुणी काहीही बोलावं, हा बाहेर जाऊन सांगणार नाही. त्याच्यात काय खोड आहे, असं ह्यांनी चार वेळा चार प्रकारे विचारलं. पोस्टमन दर वेळी एकच सांगत होता. खोड काही नाही, वाटेवरची अकराही घरं त्याला पाठ आहेत, एकही चुकवणार नाही. ह्यांनी घरी येताना मला समजावलं की हे विक्रेत्याचं बोलणं, ते एका कानानं ऐकायचं. आम्ही दोघांनीही तसंच ऐकलं. जे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं तेवढंच आम्ही सोडून दिलं, आणि बाकी सगळ्यावर संशय घेत बसलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीला बातमी लागली, ती कुणी लावली ते मी सांगणार नाही कारण मीच लावली होती. खालच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, घोड्याचं वय दातांवरून कळतं, मी येतो. त्यानं पांढरा कोट घातला, कपाळावर दिवा लावला आणि घोड्याला "आ करा" म्हणाला. घोड्यानं केला. तुमच्यापैकी कुणी त्याच्या खुर्चीत इतक्या सहजपणे तोंड उघडलं असेल तर सांगा. वीस मिनिटं बघून त्यानं निदान केलं की दाढा झिजल्यात पण कीड नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला आणा. वय विचारलं तर म्हणाला, ते मला माणसाचंही सांगता येत नाही, कागद असेल तर बघा.

कागद होता. तिथेच घोडं अडलं. पोस्टमननं खात्याचा जुना कागद काढून दिला. त्यावर शिक्का, सही, कपाळावर चांदणी असल्याची नोंद, आणि पुढे स्पष्ट अक्षरात लिहिलेलं, 'रंग: काळा'.

ह्यांचा चेहरा इतका उजळला की मला आमच्या लग्नाच्या दिवशीही तेवढा उजेड आठवत नाही. म्हणाले, चोरीचा आहे. काळा घोडा कुठेतरी मेलाय आणि त्याच्या कागदावर हा करडा खपवतायत. पोस्टमन शांतपणे म्हणाला, साहेब, हा खात्यात आला तेव्हा काळाच होता. या जातीचे घोडे काळे जन्मतात, वयाबरोबर करडे होतात, मग पांढरे. माणसाचं होतं तसंच. असं म्हणताना त्याची नजर ह्यांच्या डोक्याकडे गेली आणि तिथेच थांबली.

इथे एक घरातली गोष्ट सांगायला हवी. आमचे हे बावीस वर्षं केसांना कलप लावतात. दर पंधरा दिवसांनी, न्हाणीघराचं दार लावून. आम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे, पण कुणालाच माहीत नाही असं आम्ही वागतो. मी तर मोरीतले काळे डाग शाईचे आहेत असं धुणंवालीला सांगते, तेही ज्या घरात कुणी पत्रसुद्धा लिहीत नाही अशा घरात. तेव्हा पोस्टमनची नजर वर गेल्यावर ह्यांनी टोपी घातली आणि विषय बदलला.

मग समोरच्या लाँड्रीवाल्या बाई पडल्या मध्ये. कपडे धुण्याबरोबर त्या रंगवूनही देतात, म्हणून रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा. त्यांनी घोड्याच्या मानेवर ओला रुमाल घासला. रुमाल काळा झाला. "रंगवलाय," त्या म्हणाल्या, "आणि कच्च्या रंगात." हे ऐकून हे इतके खूश झाले की त्यांनी स्वतः बादल्या वाहिल्या. दोन पोती धुण्याची पूड, चार घासण्या, आणि लाँड्रीवाल्या बाई पदर खोचून पुढे. पहिलं पाणी काळं गेलं. हे म्हणाले, बघा. दुसरं काळं गेलं, तिसरं काळपट. चौथ्याला हे म्हणाले, आता खालून खरा रंग निघेल.

निघाला. पांढरा. म्हणजे अगदी दुधासारखा नव्हे, पाठीवर थोडी करडी साय राहिली, पण बाकी पांढराच. तो रंग नव्हताच, दोन वर्षांचा मळ होता. पोस्टमनची कंबर धरल्यापासून घोड्याला खरारा झाला नव्हता. घोडा मात्र जन्मात पहिल्यांदा न्हायल्यासारखा प्रसन्न झाला आणि लाँड्रीवाल्या बाईंच्या खांद्यावर शिंकला. बाई म्हणाल्या की शंभरात एखादा डाग फसवतो, आणि घरी गेल्या. आम्ही मात्र जास्तच अडकलो. आधी कागद आणि घोडा जुळत नव्हते, आता चिठ्ठी आणि घोडाही जुळेना.

हे म्हणाले, राहू दे हा नाद. मी नुसती माझी पिशवी भरायला घेतली. तिच्यात गुडघ्याचा एक्स-रे घातला, मोठ्या पिवळ्या पाकिटातला. अक्काला दाखवायला. सोंग आहे की स्क्रू आहे, ते तिनं उजेडात धरून मोजावं. ह्यांनी ते पाकीट बघितलं. मग म्हणाले, परवान्याच्या कचेरीत अकरानंतर गर्दी होते, सकाळी लवकर जाऊ.

कारण परवाना लागतोच. टेकडीच्या वाटेवर जनावर न्यायचं तर नगर कचेरीचा परवाना, आणि त्यात जनावराचं वर्णन मूळ कागदाशी जुळलं पाहिजे. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. कारकून गृहस्थ चांगला होता, पण संशय घेण्यात आमच्या ह्यांचा धाकटा भाऊ शोभला असता. त्यानं कागद बघितला, चिठ्ठी बघितली, आमचा अर्ज बघितला, आणि विचारलं, तुमच्याकडे घोडे तीन आहेत का. तीन असतील तर तीन अर्ज, एक असेल तर एक रंग. मी म्हटलं, खाली उभाय, येऊन बघा. तर म्हणाला, तपासणी खिडकीपाशीच व्हावी असा नियम आहे, मला जागा सोडता येत नाही. म्हणजे कोणत्या खिडकीपाशी? मी म्हटलं, तुमच्या मागेही खिडकी आहे की. त्यानं नियम पुन्हा वाचला, मग वळून खाली डोकावला. वरून त्याला घोड्याची फक्त पाठ दिसली. त्यानं लिहिलं, 'पाठ करडी. पोट पाहणे बाकी.' मग लेखणी ठेवली आणि म्हणाला, आजी, काळा घोडा पांढरा झाला याला पुरावा काय? असं कधी होतं का?

मी ह्यांच्याकडे बघितलं. चौतीस वर्षं लोकांकडे पुरावे मागितलेला माणूस. आता हे म्हणणार, बरोबर आहे तुमचं, आणि आम्ही घरी जाणार, असं मी धरूनच चालले होते. मागे रांगेत नऊ माणसं होती. त्यात लाँड्रीवाल्या बाईंची जाऊ होती, म्हणजे गावात वर्तमानपत्राची गरज नव्हती.

ह्यांनी टोपी काढली. खिशातून स्वतःचं फोटोचं ओळखपत्र काढून कारकुनापुढे ठेवलं. मग मान खाली घालून भांग बोटांनी उघडला. तेराव्या दिवसाचे केस होते, मुळं तांदळाएवढी पांढरी.

"हेही कागदावर काळेच आहेत," हे म्हणाले. "माणूस तोच आहे. तिला बहिणीला भेटायचंय. शिक्का मारा."

कारकून ओळखपत्राकडे बघत राहिला, मग ह्यांच्या भांगाकडे. त्याच्या स्वतःच्या मिशा, आता सांगायला हरकत नाही, बुटाच्या पॉलिशसारख्या काळ्याभोर होत्या. तो त्यांच्यावरून हळूच एक बोट फिरवून म्हणाला, वयपरत्वे फरक ग्राह्य. आणि शिक्का मारला. जिन्यात ह्यांची टोपी मी माझ्या पिशवीत ठेवली आणि परत मागितली तरी दिली नाही.

गुरुवारी सकाळी निघालो. मी घोड्यावर कशी बसले ते विचारू नका. स्वयंपाकघरातली फळ्यांवरचे डबे काढायची शिडी, एका बाजूनं दातांचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूनं पोस्टमन, आणि मध्ये एकदा मी घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून बसलेली. तो अपमान मी सोसला. खोगीर आवळलं, पाय रिकिबीत अडकवला, आणि हे काठी घेऊन मागे. म्हणाले, मी पुढे राहिलो तर हा काय करतो ते दिसणार नाही.

वाट लागली आणि घोडा चालू लागला, असा अलगद की पिशवीतली बाटलीसुद्धा हलेना. मी मनात म्हटलं, बघा, उगीच बिचाऱ्यावर संशय घेतला. एवढ्यात पहिलं घर आलं आणि घोडा फाटकापाशी उभा राहिला. चुचकारलं, टाच मारली, हे मागून ढकलायला लागले. घोडा ढिम्म. घरातून एक गृहस्थ अर्धी दाढी केलेले बाहेर आले. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे, आणि घोडा माझ्या पिशवीकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाटेवरची अकराही घरं पाठ, एकही चुकवणार नाही. याला टपाल दिल्याशिवाय पुढे जायची सवयच नव्हती.

मी पिशवीत हात घातला आणि लाँड्रीची पावती त्या गृहस्थांच्या हातात दिली. घोडा चालू लागला.

दुसऱ्या घरी गोळ्यांचं रिकामं पाकीट दिलं. तिसऱ्या घरापासून ह्यांनी आपलं वर्तमानपत्र काढलं आणि पान पान सुटं करून माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. बातम्या गेल्या, बाजारभाव गेले. पाचव्या घरच्या बाईंनी विचारलं सही कुठे करू, आणि ह्यांच्या निरीक्षकी चेहऱ्याकडे बघून केलीसुद्धा. सहाव्या घरच्या माणसानं पान परत केलं, हे आमचं नाही म्हणाला, आणि दार लावून कडी घातली. घोडा हलेना. शेवटी ह्यांनी ते त्याच्या खिडकीतून आत सरकवलं, तेव्हा सुटका झाली. सातव्या घरी एक म्हातारे गृहस्थ फाटकात उभेच होते. टापा ऐकूनच बाहेर आले असावेत. त्यांनी शब्दकोड्याचं पान दोन्ही हातांनी घेतलं, उलटं सुलटं बघितलं आणि म्हणाले, दोन वर्षांनी माझ्या नावाचं काहीतरी आलं. त्यांना मी खरं काय ते सांगितलं नाही. तुम्हीही सांगितलं नसतं.

नववं घर होईपर्यंत वर्तमानपत्र संपलं. दहाव्या घराशी पिशवीत उरली एक पाण्याची बाटली, ह्यांची टोपी आणि पिवळं पाकीट. बाटली पुढे केली तर घोड्यानं तोंड फिरवलं. वीस वर्षं खात्यात काढलेला, त्याला कागद आणि कागद नसलेलं कळतं. टोपीकडे तर त्यानं बघितलंही नाही. फाटकातली मुलगी वाट बघत उभी. मी पाकीट हातात धरून बसले. तो माझा एकुलता एक पुरावा होता. माथा समोर दिसत होता, अक्काचं पत्र्याचं छप्परसुद्धा दिसत होतं, आणि पुराव्याशिवाय तिच्यापुढे जायचं म्हणजे काय ते फक्त तिच्या धाकट्या बहिणीला कळेल.

"देऊन टाक," हे म्हणाले. "मी आहे ना साक्षीला."

दिलं. आजही त्या घरात कुणीतरी माझा गुडघा उजेडात धरून बघत असेल आणि आपल्या घराण्यात हा कुणाचा म्हणून विचार करत असेल.

अकरावं घर अक्काचं. घोडा आपणहून फाटकातून आत शिरला आणि पायरीपाशी थांबला. अक्का दारात बसून शेंगा सोलत होती. तिला टापा ऐकू आल्या नव्हत्या, सावली आली तेव्हा तिनं वर बघितलं. माझी पिशवी रिकामी, हात रिकामे, द्यायला काही नाही, दाखवायला काही नाही. अक्कानं आधी घोड्याला खालून वर बघितलं, मग मला वरून खाली, मग मागे धापा टाकणाऱ्या ह्यांना. मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, जवळ आली, आणि म्हणाली, "गुडघा दुखतो ना गं तुझा? मग घोड्यावर चढलीस ती कुणाच्या गुडघ्यावर?"

आता बोटं मोजणाऱ्यांनी बोटं खाली ठेवावीत, मीच सांगते. हे शेवटचं वाक्य मी घातलं. बाकी घोडा, कारकून, कलप, गोळ्यांचं पाकीट, सगळं जसंच्या तसं आहे, पण अक्का असं काही म्हणाली नाही. जवळ आली आणि रिकिबीतला माझा दुखरा पाय तिनं दोन्ही हातांनी धरला, घोटा आणि वरची पोटरी, आणि धरूनच राहिली. सोडीना. मी खाली उतरू शकत नव्हते आणि ती वर येऊ शकत नव्हती. इतका वेळ आम्ही तशा होतो, की शेवटी घोड्यानं मान मागे वळवली आणि आम्हा दोघींकडे, एका डोळ्यानं, अतिशय संशयानं बघितलं.